ग्रॅमसाहेबांनी गाळलेली दोन वाक्यं

ग्रॅमसाहेबांचं खरं नाव बाजारपेठेत कुणाला ठाऊक नव्हतं आणि त्यावाचून कुणाचं कधी अडलंही नाही. वजनमापं तपासणाऱ्या कचेरीत त्यांनी चौतीस वर्षं काढली. काखेत लाकडी पेटी, खिशात मऊ कातड्याचा तुकडा, नाकावरून घसरणारा चष्मा आणि आपल्याला नुकतंच कुणीतरी फसवलंय असा चेहरा. असे ते रस्त्याच्या टोकाला दिसले, की बेकरीवाला, खाटीक आणि कोळशाच्या वखारीचा मालक या तिघांनाही एकदम सचोटीची आठवण व्हायची. पाच किलोचं वजन ठरलेल्या मर्यादेपेक्षा तीन ग्रॅमनी जरी उतरलं, तरी साहेब ते बाजूला काढून ठेवत.

"साहेब, तीन ग्रॅमनी काय होतंय?" वखारवाला विचारायचा.

"तीन ग्रॅम कमी होतंय," साहेब म्हणायचे.

लोखंडी वजनाच्या बुडाला एक भोक असतं, त्यात शिसं भरलेलं असतं आणि त्या शिशावर तपासनीस वर्षाचा शिक्का ठोकतो. साहेबांचा नियम एकच होता. स्वतः तागडीत घालून पाहिल्याशिवाय शिक्का मारायचा नाही. सख्ख्या मामाचं दुकान होतं, तिथेही नाही. मामा पुढे दोन वर्षं बोलले नाहीत, आणि बोलायला लागले तेही साहेबांच्या बायकोशीच.

हा नियम कचेरीत ठेवून घरी येण्याइतके साहेब शहाणे नव्हते. स्वतःच्या लग्नात चर्चच्या नोंदवहीत सही करायची वेळ आली, तेव्हा त्यांनी खुर्ची मागवली, बसले आणि पान पहिल्यापासून वाचून काढलं. नवरीचं जन्मवर्ष चुकलेलं सापडलं. ते दुरुस्त होईपर्यंत वऱ्हाडी मंडळी उभी होती. आपण कुणाशी लग्न केलंय हे मला त्या खुर्चीपाशीच कळलं, असं त्यांची बायको अजून सांगते.

अशा माणसाचं देवाशी कसं जमायचं? तर चांगलं जमायचं. साहेब रोज सकाळी प्रार्थना करत, रविवार सहसा चुकवत नसत आणि संकटात त्यांना पहिली आठवण येशूचीच होई. अडत होतं ते एकाच ठिकाणी. उपासनेत सगळी मंडळी उभी राहून विश्वासांगीकार म्हणते, म्हणजे आपण कशावर विश्वास ठेवतो ते एका सुरात बोलून दाखवते. त्यातली दोन वाक्यं ग्रॅमसाहेब म्हणत नसत. एक त्रैक्याचं, की देव एकच आहे आणि पिता, पुत्र, पवित्र आत्मा हे तिघेही तोच एक देव आहेत. दुसरं देहधारणाचं, की तो पुत्र पूर्ण देव असूनच पूर्ण माणूस झाला. ही दोन वाक्यं आली की साहेब ओठ मिटून समोरच्या बाकाकडे बघत राहायचे आणि ती सरली की पुन्हा सगळ्यांत मिसळायचे.

आता शेकडो माणसं ही वाक्यं दर आठवड्याला म्हणतात, आणि त्यातल्या निम्म्यांचं लक्ष तेव्हा घरी गॅस बंद केला होता की नाही याकडे असतं. त्यांना कुणी विचारत नाही. साहेबांनाही कुणी विचारलं नव्हतं. त्यांना ती वाक्यं खोटी वाटत होती असंही नव्हतं. आपण तपासलेली नाहीत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. बायकोला हे माहीत होतं आणि तिने त्यावरून कधी वाद घातला नाही. लग्नाला एकतीस वर्षं होऊन गेली, साहेब निवृत्त झाले, आणि ती वाक्यं तशीच बिनशिक्क्याची राहिली.

मग लेकीला मुलगी झाली. दोन महिने आधीच झाली आणि तेराशे दहा ग्रॅमची झाली. पाच आठवडे ती इस्पितळात काचेच्या पेटीत होती. साहेब रोज सकाळी दहाला जायचे आणि भेटीची वेळ संपेपर्यंत काचेपाशी उभे असायचे. पेटीवर रोजच्या वजनाचा कागद टांगलेला असे. बाकीचे नातेवाईक बाळाकडे बघत, साहेब आधी कागदाकडे बघत आणि मग बाळाकडे. कागदावरचा आकडा वीस ग्रॅमनी वर गेला, की त्या दिवशी ते घरी जाताना बायकोला भाजी चिरू लागतो म्हणायचे. बायकोने त्यावरूनच आकडा ओळखायला सुरुवात केली होती.

बाळ घरी आलं. तीन आठवडे गेले आणि लेकीने बाप्तिस्म्याचा रविवार ठरवला. आठ दिवस आधी ती आईवडिलांकडे आली आणि चहाचा कप हातात घेण्याआधीच म्हणाली, "बाबा, धर्मपिता म्हणून तुम्ही उभं राहायचं."

साहेबांचा चेहरा उजळला आणि लगेच विझला. धर्मपित्याने बाळाला हातात घेऊन सगळ्यांसमोर, बाळाच्या वतीने, विश्वासांगीकार म्हणायचा असतो. अख्खा.

"दुसरं कुणी नाही का?" त्यांनी विचारलं.

"ती काचेत होती तेव्हा रोज तिथे कोण उभं होतं? तुम्ही. मग आता दुसरं कोण उभं राहणार?"

साहेबांनी मान खाली घातली आणि आयुष्यात पहिल्यांदा त्या दोन वाक्यांबद्दल लेकीला सांगितलं. लेक ऐकत राहिली. तिला आधी हसू आलं.

"एवढंच? मग तेवढ्यापुरते नुसते ओठ हलवा ना, बाबा. कोण बघतंय?"

आता हे दुसऱ्या कुणाला सांगितलं असतं तर खपलं असतं. ग्रॅमसाहेबांना हे सांगणं म्हणजे न तपासता शिक्का मारा म्हणून सांगणं. तेही सख्ख्या नातीच्या नावावर. ते म्हणाले, "जे मला पटलंय की नाही हेच मला माहीत नाही, ते मी तिच्या वतीने कसं बोलू? तिचं पहिलंच काम आणि ते खोटं?"

"म्हणजे माझ्या मुलीपेक्षा तुमचा शिक्का मोठा," लेक म्हणाली. चहा तसाच ठेवून ती उठली. दारात थांबून तिने सांगितलं, की शनिवारपर्यंत हो की नाही ते कळवा, नाहीतर तिचा दीर उभा राहील. हा दीर भला माणूस होता, पण त्याने आजवर बाळाला एकदाच पाहिलं होतं आणि तेही फोनवर.

दार बंद झाल्यावर बायको कप उचलत म्हणाली, "अहो, चौतीस वर्षं लोकांची मापं तपासलीत. ही दोन वाक्यं काय तागडीत मावेनात म्हणून पडून राहिली? जा की कुणाकडे तरी."

साहेब गुरुवारी चर्चमध्ये उपासना चालवणाऱ्या पाळकबाईंकडे गेले. पाळकबाई वयाने त्यांच्या लेकीपेक्षा थोड्या मोठ्या. चर्चच्या मागे त्यांची खोली होती. टेबलावर पुस्तकं, पुस्तकांवर मुलांचे मोजे, आणि खिडकीत वाळत घातलेली छत्री. साहेबांनी अडचण सांगितली. बाईंनी मोजे बाजूला केले आणि मोठ्या उत्साहाने सूर्यापासून सुरुवात केली.

"असं बघा काका. सूर्य आहे, त्याचा प्रकाश आहे, त्याची ऊब आहे. तीन, पण एकच."

साहेबांनी खिडकीखालच्या उन्हाच्या पट्ट्याकडे बघितलं. "हे ऊन इथे पडलंय, म्हणून खोलीत सूर्य आला असं मी लिहून देणार नाही. ऊन सूर्याहून कमी आहे. पुत्र पित्याहून कमी आहे असं म्हणायचंय का?"

"नाही, नाही. बरं, तुम्हीच घ्या. घरी वडील, कचेरीत साहेब, बायकोचे नवरे. माणूस एकच."

"एकाच माणसाची तीन नावं. मग येशूच्या बाप्तिस्म्याच्या वेळी, तो पाण्यात उभा असताना, हा माझा पुत्र असं आकाशातून कोण बोललं? तोच? आणि पकडले जाण्याआधी रात्री बागेत प्रार्थना केली ती कुणाची, स्वतःचीच?"

बाईंनी पेन्सिल घेऊन त्रिकोण काढला. साहेब म्हणाले, एक बाजू म्हणजे त्रिकोणाचा हिस्सा झाला, एकेकटा पूर्ण देव कुठे राहिला? मग बाई तीन भागीदार आणि एक दुकान यावर आल्या. साहेबांनी चष्मा वर सारला आणि सांगितलं, की हे तर तीन देव झाले, वर पाटी एकच लावली म्हणून काय झालं.

पाळकबाई हसायला लागल्या. आधी गालात, मग मोकळ्याने. साहेबांना वाटलं आपण फार बोललो.

"काका, तुम्ही आत्ता काय केलंत माहीत आहे? चर्चला जे करायला तीनचारशे वर्षं लागली, ते तुम्ही चहा यायच्या आत केलंत."

मग त्यांनी जे सांगितलं ते साहेबांनी पुढे बायकोला शब्दशः ऐकवलं, कारण अशा बाबतीत ते पदरचं काही घालत नसत. बाई म्हणाल्या, की ही सगळी उदाहरणं जुन्या काळी खरोखर कुणी ना कुणी घेऊन आलं होतं. वाईट माणसं नव्हती. त्यांना देव सोपा करून द्यायचा होता. कुणी म्हणालं पुत्र थोडा लहान धरू, म्हणजे हिशेब बसेल. कुणी म्हणालं तिघं म्हणजे एकाचेच तीन मुखवटे. कुणी म्हणालं तो माणूस नव्हताच, माणसाचं नुसतं सोंग होतं. आणि मंडळी प्रत्येक वेळी बसली, तपासलं, आणि म्हणाली, यात काहीतरी कमी भरतंय, हे चालणार नाही.

"ही वाक्यं त्यातून आली," बाई म्हणाल्या. "देव कसा आहे हे समजावून सांगायला कुणी ती लिहिली नाहीत. त्याला कुणी कमी करू नये म्हणून लिहिली."

साहेब सरळ होऊन बसले. "म्हणजे ही तपासनिसांची वाक्यं आहेत."

"तसंच म्हणा."

"पण कमी भरतंय हे त्यांनी कशाशी ताडून ठरवलं? मूळ माप कुठे होतं?"

"तुमच्या किलोचं मूळ माप कुठे असतं?"

"थोरल्या कचेरीत. बंद तिजोरीत."

"तुम्ही पाहिलंय?"

"नाही," साहेब म्हणाले. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाले, "नाही. पण त्याच्याशी जुळवलेलं माप आमच्याकडे यायचं."

"यांच्यातल्या अगदी पहिल्या लोकांकडेही कुणी आलं होतं, येशू," बाई म्हणाल्या. "फक्त तो मापाची नक्कल नव्हता, खुद्द तोच होता, एवढा फरक धरा, नाहीतर तुम्हीच मला पकडाल. त्यांनी त्याच्यासोबत जेवण केलं होतं. त्याच्याकडून क्षमा घेतली होती. आणि त्यांना एवढं कळत होतं, की जो आला तो देवाहून रतीभर जरी कमी असेल, तर देव आलाच नाही, त्याने कुणाला तरी पाठवलं."

"साहेब घरी आणि शिपाई दारात," ग्रॅमसाहेब पुटपुटले.

"हो. आणि तो खरा माणूस नसेल, तर आल्यासारखं नुसतं दिसलं. म्हणून दोन्ही पूर्ण."

चहा आला, निवला. त्यांना आठवत होतं, की किलो म्हणजे नेमकं काय हे त्यांनाही कधी सांगता आलं नव्हतं. वस्तूला वजन का असतं, हे लेकीने शाळेत असताना विचारलं होतं आणि त्यांनी तिला आईकडे पाठवलं होतं. तरी चौतीस वर्षांत त्यांचा एकही शिक्का खोटा नव्हता. कमी भरलेलं ओळखायला सगळं समजावं लागत नाही, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार?

"हे मला एवढ्या वर्षांत कुणी सांगितलं का नाही?"

"तुम्ही कुणाला विचारलंत का?"

तपासनिसाने तपासणीची मागणीच केली नव्हती. साहेबांना ते लागलं, आणि बरंही वाटलं. छातीवरची अर्धी पेटी उतरली होती. पण अर्धीच.

"पहिलं वाक्य मी म्हणेन," ते म्हणाले. "दुसऱ्यात दोन्ही पूर्ण हवेत हे कळलं. पण मावतं कसं? दहा लिटर पाणी लिटरच्या मापात ओतलं तर नऊ लिटर जमिनीवर जातं. सगळा देव एका माणसात, आणि तोही गोठ्यात निजवलेल्या एवढ्याशा बाळात. काहीतरी कापल्याशिवाय कसं मावेल?"

पाळकबाईंनी थाप मारली नाही. "ते मला सांगता येत नाही, काका," त्या म्हणाल्या. साहेबांना त्या उत्तराबद्दल आदर वाटला, पण शनिवार दोन दिवसांवर आला होता.

शनिवारी सकाळी लेकीचा फोन आला, तो आईला. वडिलांशी ती अजून बोलत नव्हती. इस्पितळातली परिचारिका दर आठवड्याला घरी येऊन तिथल्याच काट्यावर बाळाचं वजन करायची. आदल्या दिवशी तिने केलं आणि ते सत्तर ग्रॅमनी कमी निघालं. सोमवारपर्यंत वाढलं नाही तर बाळाला परत पेटीत ठेवावं लागेल, म्हणाली. लेक फोनवर रडत होती. रविवार आता कसला करायचा, असं म्हणत होती.

बायकोने फोन ठेवून वळून बघितलं तेव्हा साहेब कपाटावरून पेटी काढत होते. कचेरीची पेटी निवृत्तीच्या दिवशीच जमा केली होती. ही दुसरी, सहकाऱ्यांनी निरोपाला दिलेली. आत निळी मखमल आणि पितळेची वजनं. निवृत्त माणसाला फुलांचा गुच्छ देतात, यांना वजनं दिली. यावरून त्यांच्याबद्दल कचेरीत काय मत होतं ते समजावं.

लेकीने दार उघडलं, पेटीकडे बघितलं आणि बाजूला झाली. जावई बाळाला खांद्यावर घेऊन येरझारा घालत होता. वजनकाटा औषधाच्या दुकानातून भाड्याने आणलेला, आकडे दाखवणारा. तो आतल्या खोलीत ठेवला होता. साहेब गुडघे टेकून त्याच्यासमोर बसले. कातड्याच्या तुकड्याने धरून, कारण बोटांचा घाम पितळेला लागू द्यायचा नसतो, त्यांनी दोन किलोचं वजन काट्यावर ठेवलं.

काट्याने एक हजार आठशे पंच्याण्णव दाखवलं.

साहेबांनी पुन्हा ठेवलं. पुन्हा तेच. मग त्यांनी काट्याच्या खाली हात घातला.

"ही दुलई कुणी घातली खाली?"

"मी," लेक म्हणाली. "बाळ घसरून पडलं तर लागू नये म्हणून. परवा घातली."

"काट्याला पाय असतात. पायाखाली कडक जमीन लागते. मऊ गादीवर बसला की तो खोटं बोलतो." बाजारात हे वाक्य ते ज्या आवाजात म्हणत, त्या आवाजात आज म्हणाले नाहीत. त्यांनी दुलई ओढून काढली, काटा फरशीवर ठेवला, कोपऱ्यातला पातळीचा बुडबुडा मधोमध येईपर्यंत त्याचे पाय फिरवले आणि वजन पुन्हा ठेवलं. दोन हजार. ना एक कमी, ना एक जास्त.

"आण तिला."

जावयाने बाळाला काट्यावर निजवलं. बाळाने पाय झाडले, आकडे वरखाली पळाले आणि मग थांबले. दोन हजार सहाशे चाळीस. गेल्या आठवड्यापेक्षा ऐंशी ग्रॅम जास्त. साहेबांनी तीनदा केलं, कारण एकदा केलेल्याला ते तपासणी म्हणत नसत. तिन्ही वेळा तेच आलं.

लेक तिथेच फरशीवर बसली आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून रडली, आणि रडता रडता हसली. जावयाने भिंतीला टेकून डोळे मिटले. मग तो इस्पितळात फोन लावायला बाहेर गेला. साहेबांनी बाळाला उचललं. बाळाला घेऊन तेही लेकीशेजारी फरशीवर बसले.

"केवढी झाली बघा," लेक डोळे पुसत म्हणाली. आठ दिवसांत तिने आपणहून त्यांच्याशी बोललेलं हे पहिलं वाक्य. "काचेत होती तेव्हा याच्या निम्मी होती."

"निम्मी नव्हती," साहेब सवयीने म्हणाले. "वजन निम्मं होतं."

"तेच ते, बाबा."

"तेच कसं? तेराशे दहा ग्रॅमची होती तेव्हाही ही अख्खी हीच होती. कपाळाला आठ्या घालायची अशीच. दिवा लावला की डोळे मिटायची असेच. मी काचेपाशी उभा होतो तो काय निम्म्या नातीसाठी?"

हे बोलून ते थांबले. लेकीला वाटलं त्यांना काही होतंय. तिने विचारलं, पाणी देऊ का. त्यांनी मानेने नको म्हटलं.

त्यांना झालं होतं ते असं. आयुष्यभर त्यांनी वस्तू तागडीत घातल्या होत्या, आणि पूर्ण म्हणजे भरपूर, हे त्यांच्या डोक्यात इतकं मुरलं होतं की देवालाही त्यांनी एक प्रचंड मोठी रास समजून ठेवलं होतं. मग ती रास एका बाळात कशी मावणार, या काळजीत ते एकतीस वर्षं बाकाकडे बघत उभे होते. पण नात तेराशे ग्रॅममध्ये मावली तेव्हा तिचं काय कापलं गेलं होतं? काहीच नाही. माणूससुद्धा किलोने पूर्ण होत नाही, तर देव कुठला व्हायला? तो रास असता तरच त्याचं काही सांडलं असतं. तो रास नव्हताच. तो कुणीतरी होता. आणि तो जो कुणी होता, तो अख्खाच्या अख्खा आला होता. ज्याला कुठलाच काटा लागत नाही, तो आपणहून काट्यावर येऊन निजला होता. त्याच्या आईने त्याला उचललं असेल तेव्हा तिच्या हाताला वजन लागलं असेल, आणि ते खरं वजन असेल, ग्रॅमभरही खोटं नाही. थोडा वेळ धरून तिचा हात अवघडला असेल.

साहेबांचा स्वतःचा डावा हात तेव्हा अवघडला होता. त्यांनी बाळाला उजव्या हातावर घेतलं. सगळं समजलं असं त्यांना वाटलं नाही, आणि वाटलं असतं तर त्यांनी स्वतःलाच नापास केलं असतं. पण ते वाक्य नाकारायला त्यांच्यापाशी आता कारण उरलं नव्हतं. इतकी वर्षं अडकलेला श्वास सुटावा तसं त्यांना हलकं वाटलं, आणि ते हसले. फरशीवर बसून, कुणी विनोद केलेला नसताना.

"उद्या मी उभा राहतो," ते म्हणाले.

लेकीने त्यांच्याकडे निरखून बघितलं. "माझ्यासाठी म्हणून नको हं, बाबा. नुसते ओठ हलवायचे असतील तर मलाच नको. त्या दिवशी मी उगाच बोलले."

"नाही. तपासलंय."

यावर लेकीने पुढे एक शब्द विचारला नाही. त्या घरात या शब्दाला किती मान होता ते तिला माहीत होतं. तिने दिराला फोन करून सांगितलं, की नवा कोट घातलास तरी चालेल, पण पुढे यायचं नाही.

रविवारी चर्च भरलं होतं. पाण्याच्या कुंडापाशी साहेब बाळाला घेऊन उभे राहिले, एका बाजूला लेक आणि जावई, दुसऱ्या बाजूला बायको. पाळकबाईंनी खूण केली आणि सगळ्यांनी विश्वासांगीकार म्हणायला सुरुवात केली.

पहिलं वाक्य आलं आणि साहेबांनी ते म्हटलं. लेकीने तोंड फिरवून त्यांच्याकडे बघितलं. पण अडचण वेगळीच झाली. बाकीची मंडळी जन्मभर म्हणून म्हणून ते भरभर म्हणत होती, आणि साहेब एकेक शब्द ठेवून, थांबून, मग पुढचा उचलत होते. पिता म्हटलं, थांबले. पुत्र म्हटलं, थांबले. पवित्र आत्म्यापाशी येईपर्यंत सगळं चर्च चार ओळी पुढे गेलं होतं. त्यांना घाई करता आली असती. त्यांनी केली नाही. दुसऱ्या वाक्याला ते आले तेव्हा मंडळी शेवटाला पोहोचली होती, आणि मग सगळं चर्च गप्प झालं आणि एकटे ग्रॅमसाहेब उरले. देव असलेला पुत्र देह धरून खरा माणूस झाला, हे त्यांनी नातीकडे बघत, एकट्याच्या आवाजात, पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटलं. कुणी खाकरलं नाही. पाळकबाई हातात पाणी घेऊन थांबल्या होत्या. साहेब आमेनपर्यंत आले तेव्हाच सगळ्यांनी आमेन म्हटलं.

बाळाच्या डोक्यावर तीनदा पाणी पडलं, ते रडलं, लेकीने त्याला घेतलं. साहेब बायकोशेजारी येऊन बसले. तिने पदराने डोळे टिपले, मग घशाला हात लावला आणि त्यांच्या कानाशी वाकून म्हणाली, "सुटले बाई. आता घसा नाही ताणावा लागणार."

"म्हणजे?"

"ती दोन वाक्यं आली की तुमचा आवाज बंद. लोकांच्या लक्षात येऊ नये म्हणून मी दोघांचं म्हणायचे. एकतीस वर्षं."

साहेबांनी तिच्याकडे बघितलं. "मला वाटायचं तुझा आवाजच मोठा आहे."

"कुठला मोठा," ती म्हणाली आणि पुढच्या गीतासाठी पुस्तक उघडून त्यांच्या आणि आपल्या मधे धरलं.